आल, नीळ आणि परदेशी रंग

‘खारवा’ हा शब्द आता आमच्या बोलण्यातून जवळजवळ गेलेला आहे. जाड, टिकाऊ आणि तांबड्या रंगाचे हे सुती कापड एके काळी माळव्यापासून बुंदेलखंडापर्यंत घरोघर वापरात असे. झाशीजवळचे मऊ-राणीपूर हे गाव तर या कापडाच्या रंगाईसाठी दूरवर नावाजलेले होते. त्याचा तांबडा रंग येई तो आलीच्या मुळांपासून. आल म्हणजे आपल्याकडे जिला बारतोंडी म्हणतात त्या जातीची वनस्पती. माळवा, बुंदेलखंड, वऱ्हाड आणि खानदेश या मुलखांत तिची रीतसर शेती होत असे. पेरल्यापासून तिसऱ्या-चौथ्या वर्षी शेत खोल खणून मुळ्या काढाव्या लागत. मूळ जितके बारीक तितका रंग सरस मानला जाई. इतकी वर्षे जमीन अडकवून ठेवणे हे ज्याच्या गाठीस काही भांडवल आहे किंवा ज्याला सावकाराचा आधार आहे त्यालाच शक्य. सारांश, आलीचे पीक हे रानावनातून गोळा केलेल्या मुळ्यांचे फुटकळ उत्पन्न नव्हते. त्यामागे शेतकरी, व्यापारी, रंगारी आणि विणकर अशी बांधलेली साखळी होती.

ही साखळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत तुटली, आणि तिच्या तुटण्याचा आवाज कोणाच्याही कानी आला नाही. याउलट, कृत्रिम रंगांच्या त्याच लाटेने जी दुसरी हिंदी पिकाऊ वस्तू बुडवली त्या निळीचे नाव प्रत्येक शालेय पाठ्यपुस्तकात आहे. निळीवर बंगालीत नाटक झाले, सरकारी चौकशी झाली, सत्याग्रह झाला, कायदा झाला. आलीवर यांतले काहीच झाले नाही. एकाच शास्त्राने, एकाच देशाच्या कारखान्यांतून दोन पिके मारली. मग एकाचा इतिहास व्हावा आणि दुसऱ्याचा होऊ नये, हे का? या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात नसून व्यापाराच्या घडणीत आहे असे आम्हांस वाटते. म्हणून कृत्रिम रंगांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराची ही हकीकत त्या बाजूने सांगण्याचे योजले आहे.

आरंभीची कथा पुष्कळांना परिचित आहे. १८५६ च्या ईस्टरच्या सुटीत विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी लंडनमधील आपल्या घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन तयार करण्याच्या खटपटीत होता. क्विनीन साधले नाही. अ‍ॅनिलीनपासून एक काळा गाळ मिळाला आणि त्यातून जांभळा रंग निघाला. अ‍ॅनिलीन मिळते कोळशाच्या डांबरापासून, आणि डांबर ही त्या काळच्या गॅस कारखान्यांना डोकेदुखी झालेली टाकाऊ वस्तू होती. पर्किनने पेटंट घेतले, बापाच्या पैशाने आणि भावाच्या साहाय्याने ग्रीनफर्ड येथे कारखाना काढला आणि तरुणपणीच तो धनवान झाला. ही गोष्ट सांगणारे बहुतेक लेखक येथेच थांबतात व शोधाच्या आकस्मिकतेचे कौतुक करतात. आम्हांस त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, पर्किनचा गुरू ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन हा जर्मन होता आणि १८६५ मध्ये तो जर्मनीस परत गेला. मँचेस्टरच्या रंगकारखान्यात शिकून तयार झालेला हाइनरिख कारो हाही जर्मनीस परतला आणि लुटविग्सहाफेनच्या ‘बाडिशे अ‍ॅनिलीन’ म्हणजे बीएएसएफ या कंपनीत दाखल झाला. इंग्लंडपाशी डांबर होते, कापडाच्या गिरण्या होत्या, जगभर पसरलेला व्यापार होता. परंतु विद्यापीठातील रसायनज्ञ आणि कारखान्याचा मालक यांची जी गाठ जर्मनीत पडली ती इंग्लंडात पडली नाही. बायर आणि हेक्स्ट या कंपन्या १८६३ मध्ये निघाल्या, बीएएसएफ १८६५ मध्ये. पन्नास वर्षांच्या आत जगातील कृत्रिम रंगांपैकी पाच-षष्ठांशाहून अधिक माल जर्मन कारखान्यांतून निघू लागला.

पर्किनचा जांभळा रंग ही एक नवी छटा होती. तिने कोणाचे पीक हिरावले नाही. खरी उलथापालथ झाली ती १८६८-६९ मध्ये. ग्रेबे आणि लीबरमान या दोघा जर्मन रसायनज्ञांनी युरोपीय मंजिष्ठेच्या मुळातील रंजकद्रव्य जे अलिझरीन, तेच डांबरातून निघणाऱ्या अँथ्रासीनपासून तयार करून दाखवले. वनस्पतीत निसर्गतः असणारा रंग जसाच्या तसा कारखान्यात घडवण्याचा हा पहिला प्रसंग होय. कारोसह या दोघांनी २५ जून १८६९ रोजी इंग्लंडात पेटंटासाठी अर्ज केला. पर्किनचा अर्ज पडला दुसऱ्या दिवशी, २६ जूनला. शेवटी बाजारपेठ वाटून घेऊन तडजोड झाली. पर्किनच्या एकट्या कारखान्यातील अलिझरीन १८६९ मध्ये एक टन होते. १८७३ मध्ये ते ४३५ टन झाले. दक्षिण फ्रान्समध्ये अ‍ॅव्हिन्यॉनच्या आसपास मंजिष्ठेची जी विस्तीर्ण शेती होती ती दहा-पंधरा वर्षांत नामशेष झाली. मंजिष्ठ पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना आधार व्हावा म्हणूनही जपलेल्या फ्रेंच सैनिकांच्या तांबड्या विजारी पुढे जर्मनीच्या अलिझरीनने रंगू लागल्या, हा त्या इतिहासातील एक विनोदच म्हणावा लागेल.

आता माळव्याकडे वळू. आलीतील रंजकद्रव्य हे नेमके अलिझरीन नव्हे. परंतु ते त्याच कुळातले आहे आणि कापडावर त्याची वागणूकही तशीच आहे. दोन्ही रंग सुतावर स्वतः होऊन बसत नाहीत. कापड आधी तेलाने आणि हिरड्याने तयार करावे लागते, तुरटीचे पाणी द्यावे लागते, आणि मग ते मुळांच्या काढ्यात उकळावे लागते. तुरटी जेथे लागली असेल तेथेच तांबडा रंग धरतो. ही सगळी विद्या आमच्या रंगाऱ्यांपाशी आणि छीप्यांपाशी पिढ्यान्‌पिढ्या होती. अलिझरीनचा डबा बाजारात आला तेव्हा या विद्येतील एकही पायरी बदलावी लागली नाही. तेल तेच, हिरडा तोच, तुरटी तीच, कढई तीच. फक्त कढईत मुळांच्या भुकटीऐवजी डब्यातील लगदा पडू लागला. रंग एकसारखा येऊ लागला, वेळ वाचला, आणि मुळे कुटण्याची कटकट गेली. रंगाऱ्याने हे नवे द्रव्य परके म्हणून नाकारावे असे त्यात काही नव्हतेच. परकेपणा जाणवला तो फक्त शेतकऱ्याला, कारण साखळीतून गळाला तो एकटा.

मुंबई बंदरात उतरलेला हा माल देशी अडत्यांच्या हातून आत आत पसरत गेला. जर्मन आणि स्विस पेढ्यांनी या बाजारपेठेचा अभ्यास फार बारकाईने केला होता. युरोपात त्यांचा रंग मोठाल्या पिंपांतून जाई; येथे तो खेड्यातील रंगाऱ्याला परवडेल अशा लहान डब्यांतून आणि पुड्यांतून येई, आणि ज्याला अक्षरओळख नाही त्याने छाप पाहून तोच माल मागावा म्हणून डब्यावर देवदेवतांची ठसठशीत रंगीत चित्रे असत. इंग्रज व्यापाऱ्याला राज्य असूनही जी गोष्ट सुचली नाही ती राज्य नसलेल्या जर्मनाला सुचली. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य हिंदुस्थानविषयी जी गॅझेटियरे सिद्ध झाली त्यांत आलीच्या लागवडीविषयी एखाददुसरे वाक्य येते, आणि ती परदेशी रंगांमुळे पुष्कळ घटली असे सांगून लेखक पुढच्या पिकाकडे वळतो. आलीचा शेतकरी लहान होता. त्याचा माल गावच्या किंवा जवळच्या बाजारात खपत होता. त्यात गोऱ्या माणसाचा पैसा गुंतलेला नव्हता. त्यामुळे त्याचे नुकसान कोणाच्याच वहीत लिहिले गेले नाही. त्याने शेतात कापूस किंवा गहू पेरला असेल. पीक बदलले, आणि बदलणाऱ्याचे नाव मागे राहिले नाही.

आल अगदीच नाहीशी झाली असेही नाही. ओडिशातील कोरापुट जिल्ह्यात कोटपाड येथील विणकर आजही तिच्याच मुळांनी सूत रंगवतात. उलट ग्वाल्हेर संस्थानात पूर्वी मोडणाऱ्या बाघ या गावी छपाईचा जो धंदा चालतो, आणि देशी रंगांची कला म्हणून ज्याची सर्वत्र वाखाणणी होते, तेथील तांबडा रंग धावडीची फुले घालून उकळलेल्या अलिझरीनचा असतो. यात फसवणूक आहे असे आम्ही म्हणत नाही. तुरटीचा ठसा, नदीच्या वाहत्या पाण्यातील धुणे, भट्टीची आच हे सारे जुनेच आहे. परंतु आल गेल्याची आणि कोणाला न कळता गेल्याची याहून चांगली खूण सापडणे कठीण.

निळीचे प्रकरण मुळापासून निराळे. नीळ ही घरच्या बाजाराची वस्तू उरली नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून ती निर्यातीची वस्तू झाली होती आणि बंगाल-बिहारात युरोपीय मळेवाल्यांच्या हाती होती. रयतेच्या उत्तम जमिनीवर सक्तीने नीळ पेरून घ्यायची आणि तिला पडेल तो भाव द्यायचा, ही त्यांची रीत. १८५९-६० मध्ये बंगालच्या रयतेने नीळ पेरण्यास नकार दिला. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. दीनबंधु मित्रांचे ‘नीलदर्पण’ १८६० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या इंग्रजी भाषांतरापायी रेव्हरंड जेम्स लाँग यांना दंड व एक महिन्याची कैद भोगावी लागली. यानंतर मळेवाल्यांचा जोर उत्तर बिहारात एकवटला. चंपारण जिल्ह्यात ‘तिनकठिया’ पद्धत रूढ झाली: वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यापैकी तीन कठ्ठे जमिनीवर रयतेने नीळ लावलीच पाहिजे.

इकडे जर्मनीत अडोल्फ फॉन बायर हा रसायनज्ञ १८६५ पासून निळीच्या रचनेचा शोध घेत होता. १८८० मध्ये त्याने ती प्रयोगशाळेत तयार केली आणि १८८३ मध्ये तिची घडण निश्चित केली. पण प्रयोगशाळेत जमले म्हणून व्यापारात परवडले असे होत नाही. ज्या द्रव्यांपासून बायरची नीळ बने ती मळ्यातील निळीहून महाग पडत. कार्ल हॉयमानने १८९० मध्ये दुसरा मार्ग दाखवला. त्यासाठी लागणारे थॅलिक आम्ल स्वस्तात मिळवणे हा प्रश्न उरला. तोही सुटला, आणि कसा सुटला याची गोष्ट रंगाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. नॅफ्थॅलीन आणि गंधकाम्ल तापवीत असताना एक तापमापक फुटला, त्यातील पारा मिश्रणात पडला, आणि जी क्रिया मुंगीच्या पावलाने चालली होती ती झपाट्याने झाली. अपघाताचा हा भाग खरा. पण तो अपघात ओळखण्यासाठी बीएएसएफने सतरा वर्षे माणसे बसवली होती आणि सुमारे एक कोटी ऐंशी लाख सुवर्ण मार्क खर्च केले होते, हा भाग त्याहून खरा. एवढा पैसा परताव्याची खात्री नसता एका वस्तूच्या पाठीमागे लावण्याची छाती त्या काळी जगातील किती पेढ्यांना होती? १८९७ च्या जुलै महिन्यात कृत्रिम नीळ विक्रीस आली. हेक्स्टने १९०१ पासून आणखी स्वस्त रीत वापरात आणली.

हिंदुस्थानातून १८९५-९६ मध्ये सुमारे १ लाख ८७ हजार हंड्रेडवेट नीळ परदेशी गेली होती. १९१३-१४ मध्ये गेली ती सुमारे ११ हजार. अठरा वर्षांत सतरा हिश्श्यांतला एक हिस्सा उरला.

मळेवाल्यांनी हे निमूटपणे पाहिले असे नाही. त्यांच्या संघाने रसायनज्ञ नेमले, जावा बेटावरून अधिक रंग देणारी जात आणली, सरकारकडून संशोधनासाठी मदत मिळवली. ‘नैसर्गिक निळीची झळाळी कृत्रिम निळीस नाही’ असा प्रचारही झाला. तो खोटा नव्हता. मळ्यातील निळीत इतर द्रव्ये मिसळलेली असत व काही रंगारी त्यांनाच गुण मानीत. परंतु तोच तिचा दोष होता. एका पेटीत शेकडा साठ भाग शुद्ध रंग, तर दुसरीत चाळीस; गिरणीच्या रंगशाळेत रोज एकच छटा काढायची तर असा माल चालत नाही. कृत्रिम निळीचा प्रत्येक डबा सारखा. आमच्या मते भावाइतकीच ही एकसारखेपणाची गोष्ट निर्णायक ठरली, आणि तिच्यापुढे शेतातील कोणताही माल हतबल होता.

आता व्यापाराच्या घडणीचा मुद्दा येथे स्पष्ट होतो. आलीचा भाव पडला तेव्हा तोटा शेतकऱ्याच्या अंगावर बाजारातून आला. निळीचा भाव पडला तेव्हा तोटा प्रथम मळेवाल्याला झाला, आणि त्याने तो कायद्याच्या कागदावर लिहून रयतेकडे सरकवला. चंपारणात १९११ च्या सुमारास मळेवाले रयतेस म्हणू लागले, तुम्हांस निळीच्या बंधनातून मोकळे करतो, त्याचा मोबदला द्या. जेथे मळेवाल्याकडे बेतिया राजची कायम पट्ट्याची जमीन होती तेथे खंड वाढवून घेतला. त्याला ‘शरहबेशी’ म्हणत. जेथे पट्टा मुदतीचा होता तेथे एकरकमी पैसा घेतला, तो ‘तावान’. ज्या पिकाला बाजारात आता मोल उरले नव्हते ते न पेरण्याबद्दल शेतकऱ्याने दाम मोजायचा! लुटविग्सहाफेनच्या रसायनज्ञाने लावलेल्या शोधाची किंमत अशा रीतीने मोतीहारीच्या शेतकऱ्याकडून वसूल झाली. बाजाराचे संकट कराराच्या रूपाने आले म्हणून त्याला पुरावा राहिला. पुरावा होता म्हणून तक्रार करता आली. तक्रार करता आली म्हणून राजकुमार शुक्ल गांधीजींच्या पाठीशी लागू शकले. एप्रिल १९१७ मध्ये गांधीजी चंपारणात आले. पुढे सरकारने जी समिती नेमली तिचे अध्यक्षपद मध्यप्रांतातील अधिकारी फ्रँक स्लाय यांच्याकडे होते. हेच पुढे नागपुरास गव्हर्नर झाले. १९१८ च्या कायद्याने तिनकठिया रद्द झाली, शरहबेशी तुरकौलियाच्या मळ्यात शेकडा २० आणि इतरत्र शेकडा २६ इतकी कमी झाली, आणि तावानाचा चौथा हिस्सा रयतेस परत मिळाला. चौथाच हिस्सा, पण मिळाला.

चंपारणातील सत्याग्रह चालू असताना निळीचा भाव वास्तविक पुन्हा चढलेला होता, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांतून बहुधा गाळली जाते. याचे कारण महायुद्ध. १९१४ मध्ये जर्मनीशी व्यापार बंद पडताच इंग्लंडला कळून आले की, आपल्या गिरण्यांना लागणाऱ्या रंगांपैकी शेकडा ऐंशीच्या आसपास माल शत्रूच्या देशातून येत होता. सैनिकांच्या गणवेशाच्या रंगापासून अडचण सुरू झाली. हेक्स्टने १९०७ च्या पेटंट कायद्यामुळे नाइलाजाने एल्समियर पोर्ट येथे निळीचा कारखाना काढला होता. तो जप्त करून इंग्रजी कंपनीस विकण्यात आला. अमेरिकेतही हीच टंचाई होती. जुलै १९१६ मध्ये ‘डॉइचलँड’ नावाची एक जर्मन व्यापारी पाणबुडी इंग्रजी आरमाराच्या पहाऱ्याखालून निसटून बाल्टिमोरला पोहोचली तेव्हा तिच्या पोटात सोनेनाणे नव्हते. होते मुख्यतः रंग. युद्ध संपल्यावर व्हर्सायच्या तहात दोस्तांनी जर्मन रंगांच्या साठ्यापैकी निम्मा आणि १९२५ च्या आरंभापर्यंत दरवर्षीच्या उत्पादनापैकी चौथा भाग मागून घेण्याचा हक्क लिहवून घेतला. अमेरिकेने तर जर्मनांची हजारो पेटंटेच ताब्यात घेतली. पेटंट वाचून रंग तयार होत नाही हे मग त्यांना कळले, कारण कागदावर जे लिहिलेले नसते ते कारागिराच्या आणि रसायनज्ञाच्या हातात असते. युद्धात विरघळलेली मक्तेदारी १९२५ मध्ये ‘इ. गे. फार्बेन’ या महासंघाच्या रूपाने पुन्हा उभी राहिली. नाझी राजवटीशी तिने केलेली हातमिळवणी आणि ऑशविट्झजवळ छळछावणीतील कैद्यांच्या श्रमांवर चालवलेला तिचा कारखाना हा स्वतंत्र आणि भयानक विषय आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचे तुकडे करण्यात आले.

हिंदी लोकांना हे ज्ञान हस्तगत करावे असे युद्धापूर्वी वाटलेच नाही असे मात्र नाही. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले. त्याचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनज्ञ होते आणि रंगाई हा त्यांचा ध्यास होता. नव्या रंगांचे रसायन देशी भाषांतून कारागिराच्या मुलास शिकवावे, त्यासाठी देशी भाषांत परिभाषा आणि ग्रंथ निर्माण करावेत, हा त्यांचा आग्रह. परिभाषेविषयी आज आपण ज्या सभा भरवतो त्यांची पाळेमुळे या कढयांपर्यंत जातात याची साहित्यसेवकांनी आठवण ठेवण्यास हरकत नाही. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये डांबर फासण्यात आले, आणि ते आपण फासल्याचे पुढे दामोदर चापेकरांनी सांगितले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तो डाग काढून देणारे रसायनज्ञ हेच गज्जर. ज्या डांबरातून जग रंगवणारी द्रव्ये निघत होती त्याच डांबराचा एक डाग काढण्यासाठी सरकारला एका हिंदी माणसाकडे यावे लागले. गज्जरांचे शिष्य कोटिभास्कर व अमीन यांच्या हातून १९०७ मध्ये बडोद्यास अ‍ॅलेम्बिक कारखाना उभा राहिला. पण तो औषधी अर्क-आसवांकडे वळला. रंग तयार करण्यास लागणारी मूलद्रव्ये देशात नव्हती आणि जर्मन मालाशी टक्कर देण्याइतके भांडवलही नव्हते. स्वदेशीच्या चळवळीत देशी गिरणीचे धोतर अभिमानाने नेसले गेले खरे. परंतु त्याच्या काठाचा रंग बहुधा परदेशीच होता.

हे चित्र पालटण्यास स्वातंत्र्यापर्यंत थांबावे लागले. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रविद्या विभागात, जो १९३३ मध्ये निघाला, प्रा. के. वेंकटरामन यांनी रंगरसायनज्ञांची एक पिढी घडवली. कृत्रिम रंगांच्या रसायनावरील त्यांचा दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या विषयाचे अभ्यासक तो जगभर वापरू लागले. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच १९५२ मध्ये वलसाडजवळ अतुल येथे कस्तुरभाई लालभाईंनी उभारलेल्या कारखान्याचे उद्‌घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. ज्ञानासाठी आरंभी अमेरिकन, इंग्रज आणि स्विस कंपन्यांचे सहकार्य घ्यावे लागले, यात आश्चर्य नाही. पुढील तीस वर्षांत अहमदाबादपासून वापीपर्यंत रंगांचे आणि रंगांना लागणाऱ्या मधल्या द्रव्यांचे शेकडो लहानमोठे कारखाने निघाले आणि भारत आयात करणारा देश न राहता निर्यात करणारा देश झाला. बायर आणि हेक्स्ट यांनी १९९५ मध्ये आपले कापडरंगांचे व्यवसाय एकत्र करून ‘डायस्टार’ ही कंपनी काढली. २००० मध्ये बीएएसएफचाही तो व्यवसाय तीत गेला. ही कंपनी २००९ मध्ये दिवाळ्यात निघाली, आणि २०१० मध्ये ती विकत घेणारे होते अहमदाबादचे एक कारखानदार व त्यांचे चिनी भागीदार. दोघांत मालकीवरून जो वाद पेटला तो लुटविग्सहाफेनला नव्हे, सिंगापूरच्या न्यायालयात चालला.

मालकीची बाजू अशी फिरली. खर्चाची बाजू तपासली तर ती तितकी फिरलेली दिसत नाही. रंग स्वच्छ असतो. रंगाच्या मागे उरणारे पाणी स्वच्छ नसते. पश्चिमेकडील देशांत या पाण्याविषयी आणि काही रंगांपासून कर्करोग होतो याविषयी कायदे कडक होत गेले. जर्मनीने १९९४ मध्ये घातक अमाइने सुटणाऱ्या अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली आणि भारतालाही मग तसल्या रंगांवर बंदी आणावी लागली. जे द्रव्य करताना फार घाण होते ते करण्याचे काम मात्र हळूहळू इकडे सरकले होते. त्यांपैकी एक म्हणजे ‘एच आम्ल’. ते नॅफ्थॅलीनपासून तयार होते, आणि कित्येक अ‍ॅझो रंगांना ते लागते. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. तेथे १९८८ च्या सुमारास हे आम्ल केवळ निर्यातीसाठी तयार होऊ लागले. सुमारे ३७५ टन आम्ल निघाले आणि त्यामागे सुमारे २,४०० टन गाळ. गाळ उघड्यावर टाकला गेला, पाणी सोडून दिले गेले; पावसाबरोबर विष जमिनीत उतरले, विहिरींचे पाणी गडद रंगाचे झाले, आणि ते माणसांच्या, गुरांच्या व शेताच्या उपयोगाचे राहिले नाही. कारखाना बंद पडला. विहिरी तशाच राहिल्या.

बिछडीच्या लोकांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रदूषण करणाऱ्यानेच त्याचा खर्च सोसला पाहिजे, असा निकाल १३ फेब्रुवारी १९९६ रोजी झाला. १९९७ मध्ये जमीन आणि पाणी सुधारण्याच्या खर्चाची रक्कम सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये अशी ठरली. ती भरली गेली नाही. अर्जांवर अर्ज होत राहिले. जुलै २०११ मध्ये त्याच न्यायालयाने तीच रक्कम, १९९७ पासूनच्या शेकडा बारा चक्रवाढ व्याजासह, भरण्याचा पुन्हा हुकूम केला.